परत न आलेल्या इस्त्र्या

पक्केकाकांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा दुकानात येत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. इस्त्री असो, शेगडी असो, काकांचा हात लागला की ती जळायचं नाव काढत नसे. खुबी साधी होती. जळालेली कॉइल काढून तिच्या जागी काका एकीच्या शेपटीला दुसरी अशा दोन जोडत. "दोघींनी मिळून उचललं की ओझं हलकं होतं," असं ते सांगत आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या इस्त्रीने एक सुरकुती काढायला अर्धी दुपार जाई. गल्लीने हे निमूट पत्करलं होतं. लोक कपडे रात्रभर गादीखाली दाबून ठेवत, सकाळी नावापुरती इस्त्री फिरवत आणि काकांना म्हणत, "काम मात्र पक्कं हो तुमचं." तेवढ्यावर काकांची छाती फुगायची.

काकू केक करत. त्यांचा केक खायला लोक लांबून निमित्तं काढून येत. मागच्या वर्षी त्यांच्या ओव्हनची कॉइल जळाली. घरचंच काम म्हणून काकांनी ते जास्तच पक्कं करून दिलं. तेव्हापासून काकूंचा केक मधोमध खचू लागला. काका तो खचलेला केक आवडीने खात आणि खाता खाता कारणं सांगत. तू दार सारखं उघडतेस, अंडी नीट फेटत नाहीस, आता वयही झालं तुझं. जिभेला हाड नाही म्हणतात ते असं. काकूंनी ते सगळं मनाला लावून घेतलं.

आता भाचीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. केक मावशीच्याच हातचा हवा, असा नवरीचा हट्ट होता. काकूंनी रंगीत तालीम म्हणून एक केक लावला. तो बाहेर आला तेव्हा मधल्या खड्ड्यात वाटी बसली असती. काकूंनी हात पुसले आणि बहिणीला नाही सांगायला फोन उचलला.

"माझा हातच गेला हो," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही म्हणत होता तेच खरं."

बायको भांडली असती तर काकांनी निभावून नेलं असतं, पण ती चक्क कबूल होत होती. "थांब जरा," ते म्हणाले, "व्होल्टेजच कमी येत असणार." सरकारी विजेवर ढकललं की घरात कोणी दोषी उरत नाही.

ओव्हन चालू ठेवून त्यांनी मीटर लावलं. व्होल्टेज २२०, अगदी हवं तेवढं. मग वायरीला चिमट्यासारखं धरायचं मीटर लावून करंट पाहिला. पाच अँपिअर. काकांनी मीटरला चापट मारली, सेल बदलले. पाचच. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट कळतात, एवढं तर ते झोपेतही सांगू शकले असते. अकराशे. ओव्हनच्या पाठीवरच्या पट्टीवर छापलं होतं बावीसशे. मग कॉइलचा विरोध काढायला त्यांनी भागाकार केला, २२० भागिले पाच. चव्वेचाळीस ओहम. मूळच्या कॉइलचे बावीस असायला हवेत. बरोबर दुप्पट. विरोध दुप्पट, करंट निम्मा, उष्णता निम्मी. त्या दोन कॉइल त्यांना आतून हसताना दिसल्या.

"व्होल्टेज कमी आहे का?" काकूंनी विचारलं. फोन अजून हातात होता.

हो म्हणायचं, काकू बाजारात गेल्या की गुपचूप एक कॉइल काढून टाकायची, संपला विषय. हो अगदी जिभेच्या टोकावर आला होता. काकांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो गिळला.

"व्होल्टेज ठीक आहे. तुझा हातही ठीक आहे. वर्षभर तू अर्ध्या ओव्हनवर केक करतेयस, आणि तो अर्धा मी केलाय."

काकूंनी फोन खाली ठेवला.

काकांनी ओव्हन खांद्यावर घेतला आणि भर दुपारी गल्लीतून दुकानाकडे निघाले. कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, हे कोणाचं. "माझंच काम परत आलंय," काका म्हणाले. शिंप्याने हातातली कात्री ठेवली आणि तो आत गेला. काका एकच कॉइल बसवून वर बघतात तर दुकानासमोर रांग, प्रत्येकाच्या हातात इस्त्री, आणि सगळ्यांत पुढे शिंपी. इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं काकांनी त्याला विचारलं.

"तुम्ही इतक्या कौतुकाने द्यायचात," शिंपी म्हणाला. "तोंडावर कसं सांगणार?"

त्या संध्याकाळी काकूंनी पुन्हा एक केक लावला. तो टोपी घातल्यासारखा फुगून वर आला. पहिला तुकडा काकूंनी स्वतः खाल्ला, सावकाश, डोळे मिटून. दुसरा काकांना दिला. वर्षभरात पहिल्यांदाच काकांनी केक खाताना एकही शब्द काढला नाही.