दोन्ही हातांनी दाबलेला ब्रेक

त्या दुपारी पोलीस ठाण्याच्या आवारात जे घडलं, ते माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पेण-रोहा पट्ट्यात मी शिपाई म्हणून लागले आणि सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले. मोठमोठे गुन्हे पाहिले. पण बाई, अभिमान कशाचा वाटतो असं कुणी विचारलं, तर मी हा साधा मोटारसायकलचा अपघातच सांगते. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

झालं असं, की कासूच्या फाट्याजवळ एका मोटारसायकलने मासळी विकणाऱ्या म्हातारीला उडवलं. तिचा पाय मोडला. चालवणारा गाडी टाकून पळाला. आम्ही पंचनामा केला, गाडी जप्त करून आवारात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरच्या वडापाववाल्याचा फोन.

"मॅडम, जबाबाला बोलवू नका, धंदा करायचा हाय. पण सांगतो, गाडीवर पोरगा होता."

आणि दुपारी कोण हजर झालं? एक सासू, तिची सून आणि सुनेचा धाकटा दीर. गाडी सुनेच्या नवऱ्याची. तो तेव्हा डोलवीला कंपनीत शिफ्टवर होता, म्हणजे त्याचा प्रश्नच नव्हता.

सून म्हणाली, "मी चालवत होते." आणि लायसन पुढे केलं.

आता हे लायसनचं जरा नीट ऐका. आपल्याकडे लोकांना वाटतं, दुचाकीचं लायसन म्हणजे एकच. तसं नसतं हो. बिनगिअरच्या स्कूटरचं वेगळं, गिअरवाल्या मोटारसायकलचं वेगळं. गिअरवालं असेल तर स्कूटर चालते, उलटं चालत नाही. सोळा वर्षांच्या पोराला मिळतं ते फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. चारचाकीचं लायसन दाखवून मोटारसायकल हाकणारे तर मला नाकाबंदीत कायम भेटायचे, वर वाद घालायचे!

सुनेचं लायसन बिनगिअरचं होतं. अंगणवाडीत मदतनीस होती, स्कूटरवर जायची. पण तेवढ्यावरून ती खोटी ठरत नव्हती. लायसन नसताना गाडी हाकणारे काय कमी आहेत? आरडाओरडा मी कधी केला नाही. तिला चहा दिला आणि आवारात त्या गाडीपाशी नेलं. सासू आणि दीर मागोमाग आलेच.

"बस गो गाडीवर. म्हातारी आडवी आली तेव्हा काय केलंस ते दाखव."

ती बसली आणि स्कूटरचे दोन्ही ब्रेक दाबावेत तशा दोन्ही मुठी करकचून आवळल्या. पाय आपले जमिनीवर.

"डाव्या हाताला क्लच असतो गो. मागचा ब्रेक कुठे हाय?"

ती सासूकडे बघायला लागली. माझी नजर मात्र दिरावर होती. तिने मुठी आवळल्या तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या त्या पोराचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला होता. मोटारसायकलचा मागचा ब्रेक तिथेच असतो!

"काय रे, तुझा पाय कशाला दाबला गेला?"

सासू मध्ये पडली. "मॅडम, त्याला दुबईचा व्हिसा आलाय. केस लागली तर सगळं गेलं. हिचं काय, ही घरातलीच. आणि लायसन पण हाय हिच्याकडे."

"लायसन हाय, पण ह्या गाडीचं नाय. ही दोन्हीकडून अडकली असती, अपघाताच्या गुन्ह्यात आणि बिनलायसनच्या पण. अंगणवाडीतली नोकरी गेली असती. विमावाल्यांनी हात वर केले असते तर त्या म्हातारीने पायाचं काय करायचं होतं?"

सुनेचा बांध फुटला. "मॅडम, मला ही गाडी चालूसुद्धा करता येत नाय."

तेव्हा तो पोरगा पुढे आला. "वयनी, उतर तू. मी होतो, मॅडम. घाबरून पळालो." त्याने पाकिटातून लायसन काढलं. गिअरवालं, मुदतीतलं! मी कपाळावर हात मारला. ज्याचं चालत होतं तो लपला होता, आणि जिचं चालत नव्हतं तिला घरच्यांनी पुढे ढकललं होतं.

गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, जामीन मिळाला. तो व्हिसा गेला, खोटं कशाला सांगू. पण म्हातारीला विम्याची भरपाई मिळाली आणि सुनेची अंगणवाडी सुटली नाही. मी एवढं शिकले, की जबाब घेताना कान तोंडाकडे ठेवावेत आणि नजर हातापायांवर. आणि घरातली बाई फार पटकन कबूल होत असेल, तर तिच्या मागे कोण उभं आहे ते आधी बघावं.

निवृत्तीच्या थोडं आधी पेणला नाकाबंदीत एक मोटारसायकल, न अडवताच, माझ्यापुढे येऊन थांबली. हेल्मेट काढलं तर तीच सून.

"बघा मॅडम, आता गिअरवालं हाय."

मी लायसन हातात घेऊन पुरतं वाचलं. ओळखीची म्हणून न बघता सोडायची माझी पद्धत नव्हती.

"जा गो," म्हटलं.

तिने डाव्या हाताने क्लच दाबला, डाव्या पायाने गिअर टाकला आणि निघाली.