धबधब्याआडचा कोल्हा

जुना टीव्ही जड असतो, म्हणून मित्सुए कुराहाशी यांनी नवऱ्याला बरोबर घेतलं. यासुजींची जन्मभराची नोकरी ट्राम चालवण्याची. आता निवृत्त झाले होते आणि घरातला कूलर बिघडला होता, त्यामुळे ते लगेच निघाले. ऑगस्टची दुपार होती. ओसाकातल्या निप्पोनबाशीच्या, विजेच्या वस्तूंच्या बाजाराच्या, गल्लीत ते गळ्यात टॉवेल अडकवून बायकोच्या मागून चालले होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता.

"टीव्ही पातळ झाला म्हणून सगळं जपान खूश. आमच्या बाईसाहेबांना मात्र जाडजूडच पाहिजे."

"म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं."

"वा! हा बरा होता."

"तुमच्या विनोदांपेक्षा बरा होता."

आपल्याला जुना गेम खेळायचाय, एवढंच मित्सुएंनी त्यांना सांगितलं होतं. ते खरं होतं, पण अर्धंच.

बाकीचं अर्धं नव्या वर्षाच्या दिवशी सुरू झालं होतं. दुपारचं जेवण चालू होतं, वाडग्यांत मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांचं, सूप होतं आणि जावयाने कौतुकाने भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर एक गेम लावला. टपाल पोचवणाऱ्या कोल्ह्याचा गेम. लग्नाआधी मित्सुए गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चित्रं काढायच्या. त्या कंपनीचा हा एकच गेम जरा चालला होता. कोल्हा पाठीवर टपालाची पेटी घेऊन डोंगर चढत होता. तिसऱ्या डोंगरावर धबधबा आला. तो धबधबा मित्सुएंचा. कोल्हा त्याच्या आडून पलीकडे जायचा.

"आई, हा बांबूचा पडदा तुम्ही काढलात?" जावयाने विचारलं.

"पडदा कसला, कोठडी आहे ती," यासुजी म्हणाले. "टपाल उशिरा पोचवलं म्हणून कोल्ह्याला आत टाकलंय."

सगळे हसले. मित्सुएही हसल्या. टीव्हीच्या पडद्यावर खरोखरच गज होते. निळी रेघ, मोकळी जागा, निळी रेघ, मोकळी जागा. पाणी कुठेच नव्हतं.

रेघा त्यांनीच काढल्या होत्या, यात शंका नव्हती. कापडावर नक्षी काढण्याचं काम शिकून त्या विशीत ओसाकात आल्या, तर नक्षीचा कारखाना बंद पडलेला. त्याच इमारतीत, बटणांच्या घाऊक दुकानाच्या वर, गेमवाल्यांना चित्र काढणारी मुलगी हवी होती. चौकोन भरायचे असतात, एवढंच त्यांना समजावण्यात आलं. एका चौकोनात एक रंग. रंग मोजकेच, आणि आरपार दिसणारा रंग तर यंत्राला ठाऊकच नव्हता. होरिउची नावाचे साहेब होते. त्यांना धबधबा हवा होता आणि कोल्हा त्याच्या आडून दिसायलाही हवा होता.

"एक रेघ पाण्याची काढ," ते म्हणाले, "आणि एक सोडून दे."

"पण त्या रेघाच दिसतील, साहेब."

"तुझ्या टेबलावर दिसतील. काढ तू."

मित्सुएंनी काढल्या. अख्खा धबधबा एक आड एक. तेव्हाही ऑगस्टच होता. बटणवाल्यांचा पंखा खाली होता, वर नुसती हवा गरम व्हायची. होरिउचींनी गेमची कॅसेट उचलली आणि कोपऱ्यात ठेवलेल्या टीव्हीजवळ नेली. तो घरोघरी असायचा तसा साधा टीव्ही होता. ते हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभे राहिले. पुष्कळ वेळ राहिले. मग एकच शब्द बोलले आणि आपल्या खुर्चीकडे गेले.

"समुई."

समुई म्हणजे थंडी वाजतेय. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला माणूस तुमचा धबधबा पाहून समुई म्हणतो, याहून मोठी दाद ती काय असणार? होरिउचींनी त्या मजल्यावर कधी कोणाचं कौतुक केलं नव्हतं. लग्नानंतर मित्सुएंनी ते काम सोडलं, पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या. माणूस आत बसेल एवढ्या मोठ्या पातेल्यांत सूप ढवळताना, वाफेत उभं असताना, तो शब्द कधीकधी आठवायचा. त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. यासुजींना तर नाहीच. त्यांच्या हाती लागलेला शब्द पुन्हा कामाचा राहत नसे.

पण ओसाकात समुईला दुसराही अर्थ आहे. कोणी विनोद केला आणि तो पार फसला, तर ऐकणारे दोन्ही दंड चोळतात आणि म्हणतात, समुई. यासुजींना घरात दिवसातून कितीदा तरी ते ऐकावं लागायचं. पण होरिउचींच्या शब्दाबाबत इतकी वर्षं हा दुसरा अर्थ मित्सुएंच्या मनात आला नव्हता. त्या जेवणाच्या दिवशी, गजांमागून चालणारा कोल्हा पाहताना, आला. तो गेलाच नाही.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर आपण पाणी पाहिलं होतं, असं त्यांना आठवत होतं. पण साहेबांनी थंड म्हटल्यावर विशीतल्या मुलीला काय दिसणार नाही? होरिउची वारले होते. कंपनी केव्हाच बंद झाली होती. विचारायला राहिला होता फक्त टीव्ही.

तेशिमा यांचं दुकान म्हणजे वाट सोडून सगळीकडे टीव्हीच होते. पिक्चर ट्यूबचे, खोल पाठीचे, एकावर एक रचलेले. तेशिमा गल्ल्यावर बसून शाळांच्या बेसबॉलचा सामना पाहत होते.

"या, ताई, या. काय खेळणार?"

"साठी उलटलीय तिची," यासुजी म्हणाले. "ताई म्हणालात ना, आता घेतल्याशिवाय ती जाणार नाही."

"तुम्ही ताईंचे वडील का?"

मित्सुए मनापासून हसल्या. यासुजींनी टॉवेलने तोंड पुसलं. हा माणूस आपल्या तोडीचा आहे हे त्यांना कळलं.

मित्सुएंनी पिशवीतून कॅसेट काढली. तेशिमा उठून उभे राहिले आणि त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. "टपाल्या कोल्हा! लहानपणी तिसऱ्या डोंगराच्या पुढे कधी गेलो नाही मी. हिच्यासाठी चांगलाच टीव्ही पाहिजे, ताई. असातसा नाही."

तो चांगला टीव्ही आतल्या बाजूला कापडाखाली झाकलेला होता. करड्या रंगाचा, टीव्हीच्या स्टुडिओत असतो तसला मॉनिटर. तेशिमांनी कापड असं काढलं की यासुजीही टॉवेल सावरून उभे राहिले. लोक लांबून हा बघायला येतात, तेशिमा म्हणाले, विकायचा की नाही हे अजून ठरत नाही. जाड वायर लावून त्यांनी गेमचं यंत्र जोडलं. मग बटण दाबण्याआधी काचेवर बोट ठेवलं.

"आत चित्र नसतंच, बरं का. एकच ठिपका असतो, उजेडाचा. तो इथून निघतो, सरळ तिकडे जातो, खाली उतरतो, परत निघतो. काच संपते, तो पुन्हा वर. कुठल्याही क्षणी तुम्ही पाहाल तर काचेवर तेवढाच असतो आणि त्याच्या मागचा विझत चाललेला उजेड. बाकीचं चित्र तुमचं तुम्ही धरून ठेवलेलं असतं."

मित्सुएंना हे कामावर कोणी सांगितलं नव्हतं. त्या वाकल्या आणि काळ्या काचेकडे पाहत राहिल्या.

चित्र आलं. त्याचा नेटकेपणा पाहून त्या दचकल्या. कोल्ह्याच्या मिशा, पेटीवरचा शिक्का, प्रत्येक चौकोन त्यांनी भरला होता तसाच दिसत होता. आपल्या टेबलावरून कोणीतरी काम उचलून, धूळ झटकून परत समोर ठेवावं तसं. तेशिमांनी खेळत खेळत कोल्ह्याला तिसऱ्या डोंगरावर आणलं.

गज. जावयाच्या टीव्हीवर होते त्याहून धारदार. निळी रेघ, मोकळी जागा.

"किती सुरेख!" तेशिमा म्हणाले. "एकेक रेघ मोजून घ्या."

"जामीन मिळाला नाही वाटतं अजून," यासुजी म्हणाले.

"समुई," तेशिमा म्हणाले आणि दंड चोळले.

मित्सुए सरळ उभ्या राहिल्या. दुकानातला सगळ्यात चांगला टीव्ही हाच होता, आणि पाणी कधी नव्हतंच, हे त्याने सांगून टाकलं होतं. त्यांनी पिशवीची घडी उलगडली. कॅसेट परत मागण्यासाठी हात पुढे केला तेव्हा गल्ल्याकडून बेसबॉलच्या मैदानावरचा आरडाओरडा आला, आणि तिघांनीही मान वळवली.

गल्ल्यावरचा टीव्ही लाकडाचा रंग दिलेल्या प्लास्टिकच्या डब्याचा होता. खेळाडूच्या लाल टोपीतला लाल रंग टोपीत मावत नव्हता. तो कडेने आभाळात उतरला होता.

"तो कुठला?" मित्सुएंनी विचारलं.

"तो? तो स्वयंपाकघरातला. तो विकायचा नाही, म्हणजे कोणी घेतच नाही. रंग गळतो त्याचा."

मित्सुएंनी हात मागे घेतला. होरिउची खुर्चीकडे जाता जाता आणखी काहीतरी बोलले होते. समुई एवढं मोठं झालं होतं की पुढचं वाक्य त्याच्यामागे दिसेनासं झालं होतं. ते म्हणाले होते, घरच्या टीव्हीत रंग गळतो, ते बरं असतं.

"त्याच्यावर लावा," त्या म्हणाल्या.

"ताई, एवढी सुंदर वायर आहे, ती तिथे बसतच नाही. तिथे नुसती पिवळी पिन."

"पिवळी पिनच."

"आणि सामना चाललाय."

"कोण हरतंय?" यासुजींनी विचारलं.

"आमचे."

"मग काय बघताय?"

तेशिमांनी एक सुस्कारा सोडला, हरणाऱ्या शाळेची क्षमा मागितली आणि पिन बदलली. चित्र आलं ते मळकट होतं. कोल्ह्याच्या मिशा गेल्या होत्या. शिक्क्याचा नुसता लाल डाग राहिला होता. तेशिमांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर घरातला पसारा उघडा पडल्याचा संकोच होता. त्यांनी कोल्ह्याला पहिला डोंगर चढवला, दुसरा चढवला. तिसऱ्या डोंगरावर तेशिमांचं बोट बटणावर थांबलं.

पाणी पडत होतं.

एकही रेघ नव्हती. प्रत्येक निळी रेघ शेजारच्या मोकळ्या जागेत गळली होती, मोकळ्या जागेतला खडक रेघेत आला होता, आणि दोघांचं मिळून जे झालं होतं ते त्या यंत्राच्या मोजक्या रंगांत नव्हतंच. मित्सुएंनी ते कधी भरलं नव्हतं. ते खडकावरून सुटून खाली येत होतं आणि त्याच्यातून मागचं शेवाळ दिसत होतं. तेशिमांनी सावकाश बटण दाबलं. कोल्हा पाण्याआड गेला. त्याचा रंग ओला झाला, कडा हलल्या. पलीकडच्या बाजूने तो बाहेर आला तेव्हा कोरडा होता, आणि तो कोरडा कसा हेच क्षणभर चमत्कारिक वाटलं.

"परत न्या," मित्सुए म्हणाल्या.

तेशिमांनी कोल्ह्याला परत नेलं. मग पुन्हा आणलं. इतकी वर्षं ज्याला पसाऱ्यातला डबा समजत होते त्याच्यासमोर ते स्टूल ओढून बसले होते आणि ओठ उघडे राहिले होते. "मी रोज याच्यावर सामना बघतो," ते म्हणाले.

एकच ठिपका, मित्सुएंच्या मनात आलं. काचेवर आत्ता फक्त एक ठिपका आहे. रेघ मी काढली, गळती डब्याची, धरून ठेवणारे डोळे आम्हा तिघांचे. आणि पाणी यांपैकी कोणाकडेच नाही. तरी ते पडतंय. आपण तेव्हा खुर्चीवर बसून हे केलं, दुपारचा डबा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी गेममधल्या पुलाचे दगड काढायला घेतले, याचं त्यांना आता नवल वाटलं.

यासुजी शेजारी उभे होते. मित्सुएंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हाताची घडी घातली होती. टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून घेतला होता. कपाळावरून घामाचा थेंब ओघळत होता, तो त्यांनी पुसला नव्हता.

"समुई," ते म्हणाले.

"कुठलं?" त्यांनी विचारलं. "कुठलं समुई?"

"कुठलं म्हणजे?" यासुजींनी काचेवरची नजर हलवली नाही. "थंडी वाजतेय गं. तुला नाही वाजत?"

"वाजतेय," मित्सुए म्हणाल्या.

तेशिमांनी कोल्ह्याला पाण्याआड नेऊन तिथेच उभा केला आणि बटणावरून हात काढले. कोल्हा भिजत राहिला.

"सामना संपला की हा डबा घरी न्या," ते म्हणाले. "हरतायत तेवढं बघतो."