शंभराव्या किडनीची भाऊबीज

डॉ. जयवंत कारखानीस ७९ साली घाटकोपरच्या ट्रस्टच्या रुग्णालयात आले, तेव्हा त्यांच्याकडे जुनं डायलिसिसचं एक मशीन होतं आणि प्रेमा सिस्टर होती. पाण्याचा दाब कमी पडला की डॉक्टर स्वतः बादल्या उचलायचे. प्रेमा घरी नवऱ्याला सांगायची, "देवमाणूस आहे हो!"

पुढे मशिनं सहा झाली. किडनी बसवण्याची ऑपरेशनं सुरू झाली, पेपरात फोटो आले. डॉक्टर पेशंटचं नाव विसरू लागले, आकडा मात्र विसरत नव्हते. ८८च्या मार्चमध्ये तो नव्याण्णववर अडला. रविवारी मुलुंडला सत्कार होता आणि निमंत्रणपत्रिकेवर 'शंभर' छापून झालं होतं.

शंभरावा पेशंट तयार होता, बिल्डर अंबादासशेठ. त्याची सख्खी बहीण मीरा तपासणीला आली, रक्त जुळलं, आणि गोरेगावला परत गेली ती फोनवरसुद्धा येईना. ट्रस्टचा नियम होता, किडनी नात्यातलीच हवी.

"प्रेमा, एक भाऊबीज उरकायची आहे," डॉक्टर म्हणाले. "विश्वस्तांना दिवाळीतला घरगुती फोटो लागतो. तुझी एखादी बरी साडी आण."

मीराच्या जागी गोवंडीहून शेवंती आली; रक्त तिचंही जुळलं होतं. कचऱ्यातून काचा-पत्रा वेचणारी, हातांवर चिरा पडलेली. तिचा नवरा धोंडिराम बाहेर बाकावर पाय पसरून विडी ओढत होता. पैशांसकट सगळं त्यानेच ठरवलं होतं. प्रेमाने तिला आपली मोतिया साडी नेसवली, केस विंचरले. बोहल्यावर चढवावी तशी आपण हिला नटवतोय, हे प्रेमाला जाणवलं.

शेठ पाटावर बसला. पावडर लावलेला, सुजलेला चेहरा. शेवंतीने कुंकू लावलं आणि थेट वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं बाई, तू मोठी बहीण! तू कशाला पाया पडतेस?" फोटोग्राफर खेकसला.

"साहेबाच्या पाया पडू नको तर काय करू?"

शेठ खो खो हसला. डॉक्टरही हसले. "साहेब नाही, दादा म्हण. नाही नाही, धाकटा ना? नावानेच हाक मार."

शेवंतीला ते काही जमेना. शेवटी तिला गप्प बसवून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी विश्वस्त भाऊसाहेब आले. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "वा! सिस्टर, तुम्ही ओळखता ना यांना? बहीणच ना?"

डॉक्टरांनी प्रेमाकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी असं आर्जवाने कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," प्रेमा म्हणाली. "ही कोणी नाही त्यांची. काल माझ्या साडीत उभी केलीय."

मग भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "सिस्टर, सही मी फोटो बघून करतोय. तुम्हाला विचारलं ते आपलं रीत म्हणून."

सही झाली. डॉक्टरांनी जाता जाता प्रेमाच्या खांद्यावर थोपटलं. ओल्या फडक्याचा स्पर्श व्हावा तशी ती शहारली. ती तडक शेवंतीकडे गेली.

"पळ गं. मी टॅक्सीत बसवते."

"कुठं पळू, ताई? घरी बी त्योच हाय."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. रविवारी सगळा स्टाफ मुलुंडला गेला; सिस्टरांनी गजरे माळले होते. प्रेमा गेली नाही. जनरल वॉर्डच्या टोकाला शेवंती कण्हत होती. तिच्याकडे डॉक्टर फिरकले नव्हते. धोंडिरामही शुक्रवारपासून दिसला नव्हता.

"ताई, त्यो बरा हाय का?"

"कोण?"

"त्यो... अंबादास." आज तिला नाव घेता आलं.

"बरा आहे. पण तो तुझा कोणी नाही गं."

"म्हाईत हाय," शेवंती म्हणाली आणि तिला जोराची उबळ आली. प्रेमाने भांडं पुढे केलं. ओकारी भांड्यात कमी, प्रेमाच्या हातांवर जास्त झाली. तिला जराही किळस वाटली नाही. तिने शेवंतीचं तोंड पुसलं, कूस बदलायला आधार दिला, आणि तिथेच स्टुलावर बसून राजीनामा लिहायला घेतला.