निपाणीपर्यंत जाणारे सेल

परवा खडेबाजारातल्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं मोटारीसाठी नवे सेल निवडायला गेलो होतो... आणि तिथं मी एक शब्द बोलून गेले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आमची मोटार विजेवर चालते. कुठल्याशा संस्थानातल्या राणीसाहेबांची, जुनी. यांनी हौसेनं घेतली तेव्हा कोर्टातली सगळी वकील मंडळी हसली होती. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर गेलं आणि आता तीच मंडळी "जाता जाता सोडता का?" म्हणून विचारतात! पण गाडीचे सेल म्हातारे झालेत. अनगोळच्या घरून कोर्टात जाऊन येईपर्यंत तिला धाप लागते.

नवे सेल दोन तऱ्हेचे मिळतात. शिशाचे स्वस्त, जोरकस, पण लवकर संपणारे. दुसरे निकेल-लोखंडाचे... महाग, चढाला जरा मंद, पण लांब जाणारे आणि वर्षानुवर्षं टिकणारे.

यांचं मत, शिशाचे घ्यावेत. "आपल्याला जायचंय कुठं? घर आणि कोर्ट!" मी मात्र लोखंडी सेलांसाठी हटून बसले होते. का, ते सांगत नव्हते.

आमची सुमन निपाणीला असते. दोन वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. त्या दिवसापासून यांनी तिचं नाव घेतलेलं नाही... आणि मी तर निपाणी हा शब्दसुद्धा घरात टाळते. रस्त्यात तिकडच्या तंबाखूची गाडी दिसली तरी मान फिरवते.

गॅरेजमध्ये मला एका जागी बसवेना. परशराम मिस्त्री म्हणजे यांच्या जुन्या ओळखीचे, तोंडाचे फटकळ. "आक्का, लोखंडी कशाला? लोणच्याची बरणी हाय व्हय, वर्षानुवर्षं टिकायला?"

"लांब जाता येतं म्हणे," मी म्हटलं.

"लांब म्हंजे कुठवर?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. तेवढ्यात हे, सेलच्या पेटीकडे बघतच, म्हणाले, "निपाणीपर्यंत जाईल का?"

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली...

"जाईल की! वंटमुरीचा घाट जाताना उतार हाय. पर येताना चढ. तिथं रातभर चार्ज केल्याबिगर परत येणं न्हाय. निपाणीत करंट कुठं गावंल?"

आणि मी बोलून गेले, "जावयांच्या वखारीत डायनामो आहे."

जावई... आमच्या घरात कधीच न उच्चारलेला शब्द. आणि मी तो ग्रीसच्या डब्यांमध्ये उभी राहून, परक्या माणसासमोर बोलले. एवढंच नव्हे, सुमनची खबरबात मी यांच्यामागे काढत असते, तेही उघडं पडलं. हे माझ्याकडे बघेनात.

मिस्त्रींना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते खूश! "मंग काय वकीलसाहेब, जावयाचाच करंट! पर मुक्काम करायला लागंल बघा. न्हायतर जावई म्हणंल, सासरा गाडीला पाजायला आलता, आणि च्या बी न पिता गेला!"

हे हसले नाहीत. चष्मा काढून उपरण्यानं पुसत राहिले. मला तो वेळ सरता सरेना... मग म्हणाले, "लोखंडीच मागवा."

"महागात पडतील, साहेब. एका खेपेला तर शिशाचे बी कसंबसं नेतील."

"एका खेपेचं कोण बोलतंय?"

बस, एवढंच बोलले. येताना गाडीत राग गेला का, कधी जायचं, असं कितीदा ओठांवर आलं... पण विचारलं तर जुळत आलेलं मोडेल असं वाटलं, म्हणून रस्त्याकडे बघत बसले.

सेल मुंबईहून यायचेत. लढाईच्या दिवसांत केव्हा येतील, कोणी सांगावं? तोवर माझ्या डोक्यात चक्र चालूच आहे. मध्येच यांचं मन फिरलं तर? हे दारात उभे राहिले आणि सुमननंच दार उघडलं नाही तर? स्वयंपाक करताना हात चालतो आणि मी मात्र घाट उतरत असते...

आज सकाळी दाढी करता करता यांनी विचारलं, "निपाणीला थंडी कितपत असते गं?" लोखंडी सेलांना थंडी सोसत नाही म्हणतात, म्हणून विचारलं असेल. मी खोदून विचारलं नाही. ट्रंकेतल्या दोन शाली काढून उन्हात टाकल्या... आणि अंगणात उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या मोटारीवरून जाता जाता मायेनं हात फिरवला.