दहापैकी सात म्हातारे

माझ्या नणंदेला घरात सगळे चौकशीबाई म्हणतात. लहानपणी बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय ती औषध तोंडात घ्यायची नाही, असं सासूबाई सांगतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि जेवणाचं अर्धं टेबल तिच्या प्रबंधाच्या कागदांनी अडवलेलं असायचं. विषय होता म्हातारी माणसं आणि इंटरनेट.

पहिल्याच पानासाठी तिला एक आकडा हवा होता. साठीपुढची किती माणसं इंटरनेट वापरतात? तसा तो जिकडेतिकडे होता. दहापैकी सात. वर्तमानपत्रांत, भाषणांत, अगदी तिच्या सरांच्या जुन्या लेखातसुद्धा.

"मग घालून टाक की," मी भाजी चिरता चिरता म्हटलं.

"पण मोजलं कुणी, वहिनी?"

झालं! त्या प्रश्नानं तिला पछाडलं. लेखाखाली अहवालाचं नाव असायचं, अहवालाखाली आणखी कुठल्या लेखाचं. ती माग काढत मागे मागे जात राहिली आणि एका संध्याकाळी खुर्चीतच खो खो हसायला लागली. आकड्याचं माहेर सापडलं होतं. कानाची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानानं स्वतःच्या वेबसाइटवर प्रश्न टाकला होता, "तुम्ही इंटरनेट वापरता का?"

"म्हणजे इंटरनेटवर आलेल्यांनाच विचारलं?"

"हो ना! आणि तरी दहातले तीन जण नाही म्हणाले."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. सर मात्र हसले नाहीत. "सगळे हाच आकडा देतात, तूही दे. नसती उठाठेव कशाला?" असं म्हणाले. चौकशीबाई ऐकून घेऊन घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात जाऊन बसल्या.

तिथून ती परतली ती थेट टेबलाशी जाऊन कागद चाळू लागली. मला वाटलं, हाकलून दिलं असेल. पण नाही. तिथल्या अधिकारी बाईंनी तिला चहा पाजला होता आणि त्यांचा आकडा दाखवला होता. दहापैकी जेमतेम तीन.

"आणि त्या आकड्याच्या शेजारी काय छापलंय, माहितीये?" ती म्हणाली. "तो किती चुकलेला असू शकतो, ते! स्वतःची चूक स्वतःच मोजून छापतात, वहिनी. असं कोण करतं गं?"

आमच्याकडे तर मीठ जास्त पडलं तरी कुणी कबूल करत नाही.

पण तिची शंका तेवढ्यानं मिटणार थोडीच! ही माणसं विचारतात कशी, ते तिला बघायचं होतं. बाई म्हणाल्या, "लोकांच्या घरात परक्याला नेता येत नाही. पण नव्या पाहणीसाठी माणसं हवी आहेत. प्रशिक्षण घे आणि तूच जा." तिनं प्रबंध एक सत्र पुढे ढकलला. सरांनी कपाळाला हात लावला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि ही गळ्यात ओळखपत्र अडकवून दारं वाजवत फिरू लागली.

घरं आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली असत. दाराला कुलूप असलं म्हणून शेजारचं घर घ्यायचं नाही, पुन्हा यायचं. एका बंद दारापाशी ती खेटे घालत होती. समोरच्या काकू वैतागून म्हणाल्या, "अगं, माझंच घे ना लिहून! मी दिवसभर फोनवरच असते." नाही चालत, म्हटल्यावर काकू रुसल्या. जो दार उघडतो तेवढ्यालाच मोजलं, तर जो उघडत नाही त्याचं काय, हे काकूंना जिन्यात उभं राहून कसं समजावणार?

शेवटी ते दार उघडलं. आत एक आजोबा होते. नाव-पत्ता सांगायची बंदी आहे, त्यामुळे मलाही ते आजोबा म्हणूनच माहीत.

"गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलंत का?"

"छे! ते आमच्या नातवंडांचं काम."

तिनं "नाही" वर खूण केली आणि कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, "फोनवर दुसऱ्या कुणाशी एखादा खेळ खेळता का?"

आजोबा काही बोलायच्या आत आतून आजी कडाडल्या, "विचारा, विचारा! सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी बुद्धिबळ! परवा कुण्या परदेशी पोराकडून हरले आणि माझ्यावर चिडले."

"अहो, ते बुद्धिबळ आहे," आजोबा म्हणाले. "इंटरनेट नव्हे."

ती म्हणते, तेव्हा हातातला कागद एकदम जड झाला. कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी हे आजोबा आधीच ओळखले होते. ते नाही म्हणतील हे त्याला ठाऊक होतं, आणि खोटं बोलून नव्हे तर मनापासून नाही म्हणतील हेही. म्हणून त्यानं हा दुसरा प्रश्न लिहून ठेवला होता. कधी न भेटलेल्या माणसाला एवढं समजून घ्यायचं! घरी येऊन हे सांगताना तिच्या अंगावर काटा आला होता. खोटं कशाला सांगू, माझ्याही आला.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "सगळे सात म्हणतात, तुझे तीनच कसे?" तिनं कानाच्या यंत्रांची गोष्ट सांगितली. सरांनी मान खाली घालून चष्मा पुसला. मग हसू आवरेना तेव्हा तेही मोठ्यानं हसले, आणि त्यांनी आपल्या जुन्या लेखात दुरुस्ती छापवून आणली.

आज ती त्याच कार्यालयात प्रश्न लिहायचं काम करते. एकेका शब्दासाठी महिना महिना भांडतात म्हणे तिथे. परवा सासूबाईंना सोफ्यावर बसवून तिनं एक नवा प्रश्न वाचून दाखवला, "तुम्ही फोनवरून कुणाला पैसे पाठवता का?" सासूबाई म्हणाल्या, "छे! मी नुसता भाजीवाल्याच्या पाटीवर फोन धरते, पैसे आपले आपण जातात." तिनं पेन उचललं आणि सावकाश तो प्रश्न खोडला.