दसऱ्याच्या पाटावरचे ब्रेक-पॅड

माझा धाकटा भाऊ ब्रेकच्या बाबतीत भलता किरकिऱ्या. खमरियाला कारखान्यात दिवसभर मशीनवर उभा असायचा आणि संध्याकाळी घरासमोर आपल्या जुन्या लाल गाडीखाली घुसायचा. दक्षिणेत एक रेसचा ट्रॅक आहे, तिथं साधी माणसंही फी भरून स्वतःची गाडी पळवू शकतात, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. तेव्हापासून डोक्यात एकच खूळ, एकदा तिथं गाडी चालवायची. लग्नाचं काढलं तरी म्हणे, "पहले ट्रॅक, दादा."

पळण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं. डुमन्याच्या रस्त्यावर एकदा वळणावळणांवर जोरात चालवताना ब्रेकचं ऑइल उकळलं आणि पेडल थेट खाली गेलं. मी शेजारी बसलो होतो. हा गिअर पाडत गाडी हळू करून म्हणतो, "काही नाही, ऑइल जुनं झालं. हवेतलं पाणी पिते ते." मी तिथंच दोन शिव्या हासडल्या.

मग चाकाची चकती आवळून गाडी थांबवणारे ब्रेक-पॅड निवडणं सुरू झालं. गोहलपुरातल्या मिस्त्रीनं स्वस्तातले दाखवले, हा नाक मुरडून परत आला. पक्के रेसचे पॅड गार असताना नीट पकडत नाहीत, सकाळी कोपऱ्यावर गाय आडवी आली तर काय कामाचे? आणि साधे पॅड ट्रॅकवर तापले की पकड सोडतात. त्याला मधले पाहिजे होते, बाजारहाटही निभावतील आणि ट्रॅकही. मी म्हटलं, "बापा, इतकी चौकशी तर लोक सोयरीक जुळवताना नाही करत." शेवटी त्यानं बाहेरून मागवले. सोबत जास्त ताप सोसणारं ऑइल, सीलबंद डब्यातलं.

पॅड दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले. आमचे वडील फिटर होते. ते गेल्यावरही आई दर दसऱ्याला त्यांचे पाने, हातोडी गोड्या तेलानं पुसून पाटावर मांडते, मग हळद-कुंकू वाहते. त्या सकाळी भावानं नवे पॅडही हौसेनं पाटावर ठेवले आणि आंघोळीला गेला. आईनं तेही तेलानं पुसले. लोखंड गंजू नये म्हणून, चांगले चोळून चोळून.

तेल प्यालेले पॅड पकडत नाहीत, घसरतात; ते कामातून गेले. ट्रॅकची तारीख तर पुढच्याच आठवड्यात. मी तडकलो, "आई, काहून हात लावला त्याला?" भावानं मला गप्प केलं. पॅड हातात घेऊन तो बराच वेळ फडक्यानं पुसत राहिला, मग आईला म्हणाला, "चलो, कोई बात नहीं. पुढच्या वेळी जाऊ." साध्या पॅडवर जायला तो काही तयार झाला नाही.

पुढची वेळ आलीच नाही. थंडीत एका दुपारी जेवता जेवता त्याला फिट आली. थोड्याच दिवसांत दुसरी. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, गाडी चालवणं बंद. कधीपर्यंत, असं मी विचारलं, तर म्हणाले, कायमचंच समजा. मशीनवर उभं राहणंही गेलं, मग नोकरी त्यानंच सोडली.

पुन्हा मागवलेले पॅड त्यानंतर आले. ते त्यानं स्वतः बसवले. नवं ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला मला सीटवर बसवलं आणि खालून सांगत राहिला, "दाब. धरून ठेव. सोड." हळूहळू पेडल पायाखाली घट्ट लागायला लागलं. "कसं आहे?" त्यानं विचारलं. मी मस्त म्हणालो आणि मला रडू आलं.

आई चहा घेऊन आली. "देवानंच माझ्या हातून तेल लावून घेतलं," ती म्हणाली. "नाही तर तिथं, गाडी तेवढ्या जोरात असताना फिट आली असती."

भाऊ हात पुसत होता. "हो, आई. पण एक फेरी तरी झाली असती ना."

आई तिथंच पायरीवर बसली.

गाडी विकून टाकू का, असं मी त्याला मागं विचारलं. "नको, दादा. तू चालवत जाय," तो म्हणाला. "फक्त मी घरी असताना काढू नको."

तो आता घराबाहेर निघतच नाही.