बडे बाबूंचा शेवग्याचा अर्क

सकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून बडे बाबू वेलावर कुंच्याने असं शिंपडायचे, की पाहणाऱ्याचा हात आपोआप तीर्थासाठी पुढे व्हावा. इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या ऑफिसचे ते हेडक्लार्क, आणि माझे भिंतीला भिंत शेजारी. बादलीत शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा रस; वाटून, गाळून, भरपूर पाण्यात पातळ केलेला. खत का, असं विचारलं की दुखावायचे. "खत म्हणजे जेवण, भिया. ही भूक आहे. भूकच नाही लागली तो जेवण काय करेल?"

ती भूक भयंकर होती. त्यांची गिलकी, म्हणजे आपलं घोसाळं, एक टोक त्यांच्या अंगणात तर दुसरं आमच्या स्वयंपाकघरात. चिरायला दोन्ही घरांची संमती लागे. तुम्ही हसाल, पण त्यांची वांगी पाहून घोडा बुजतो म्हणून गल्लीतला तांगेवाला रस्ता बदलायचा.

अशात नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली आणि आमचं ऑफिस टेबलाटेबलाने तिकडे जाऊ लागलं. बाबूंचा जीव टांगणीला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, म्हाताऱ्या वडिलांना इंदूर सोडवेना, आणि काकूंना वडील. बदलीची नावं साहेब सुचवणार होते. मग बाबूंनी सरकारी नोकरीतला राजमार्ग धरला. रोज साहेबांच्या बंगल्यावर भाजीची टोपली. अर्ज पोटातून गेला की अडत नाही, असं त्यांचं मत. साहेब दोनदोनदा भाजी मागून घेऊ लागले, तसं बाबूंनी शिंपडणं वाढवलं. शेवगा पार बोडका झाला. काकूंच्या आमटीला शेंग मिळेना.

भोपाळला जाणाऱ्यांची नावं लागली. बाबू सुटले होते. सगळ्या ऑफिसला त्यांनी कचोरी खिलवली.

संध्याकाळी साहेबांनी आत बोलावून खांद्यावर हात ठेवला. त्यांची स्वतःची बदली आली होती.

"बडे बाबू, हम तो भोपाल चले. अब आपकी गिलकी के बिना खाना कैसे उतरेगा? आपका नाम भी लिखवा दिया."

बाबू घरी येऊन पायरीवरच बसले. "भूक आपणच लावून दिली, भिया," एवढंच म्हणाले.

गेले ते एकटेच. शेवगा पुन्हा फुटला, आणि त्या मोसमात शिंपडणं काकूंनी चालू ठेवलं. गिलक्या लगडल्या, पण त्यांनी एकही तोडली नाही. वेलावरच वाळून त्यांच्या आंघोळीला अंग घासायच्या घासण्या झाल्या. एक माझ्या हातात ठेवून काकू म्हणाल्या, "न्या तुम्ही. ज्या पाठीला हवी होती, ती भोपाळात आहे."